फ्रेंच मोटारीचा फेरफार

गडचिरोलीत सन एकोणीसशे सत्तावन्न साली खाजगी मोटारी दोनच होत्या. एक डॉक्टरसाहेबांची, ती चालायची. दुसरी माझी. माझी फ्रान्समध्ये बनलेली होती, शर्यतीची होती, निळी होती, आणि तिच्या दोन्ही कुशींवर पांढऱ्या रंगात सातचा आकडा होता. डॉक्टरांची मोटार दिसायला कपाटासारखी होती, पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. दोन मोटारवाल्यांनी आपसात सभ्यपणे वागावं, असं माझं मत आहे.

ही मोटार मला मुखरूच्या गोठ्यात सापडली. मुखरू हा जवळच्या खेड्यातला धानाचा शेतकरी. त्याच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, नकाशाच्या कामाने मी त्याच्या घरी गेलो होतो. गोठ्यात तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता, ढिगावर कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि ढिगाखालून एक निळं नाक बाहेर आलं होतं. मी तणीस बाजूला केली. पुढे पितळी पट्टी निघाली, तिच्यावर कुण्या फ्रेंच माणसाचं लांबलचक नाव कोरलेलं. अर्ध्या तासात मी मुखरूला माझी सायकल दिली आणि त्याने मला मोटार दिली. कोंबडी त्याने ठेवून घेतली.

मोटारीला इंजिन नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावातले लोक ते शेवटी आणि हसत सांगतात. इंजिन नागभीडला रामाजीच्या गिरणीत धान कांडत होतं. टायरही गेले होते, पण मुखरूने चाकांवर बैलगाडीच्या लोखंडी धावा चढवून घेतल्या होत्या. बाकी मोटार अगदी शाबूत होती. सुकाणूचं चाक फिरायचं, आणि बसायला दोन माणसांची अरुंद जागा होती.

मुखरूच्या बैलांनी ती आमच्या दारात आणून सोडली, तेव्हा माझी बायको सुगंधाबाई अंगणात धान वाळवत होती. तिने मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजी, सायकल कुठी हाय?"

"ही मोटार पाहा ना," मी म्हटलं.

"थे दिसून राह्यली मले. सायकल कुठी हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुढचे तीन महिने टाळलं. रोज कचेरीत पायी जाताना मात्र ते माझ्या तळपायांना ठाऊक होतं.

आता माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी, नथ्थूजी नाकाडे, तहसिलीत रेकॉर्ड कीपर. बावीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत आलो होतो: तुमच्या आधी मालक कोण? आणि त्याच्या आधी? आणि त्याने कोणत्या कागदाने घेतली? ज्याला उत्तर देता आलं नाही त्याला मी परत पाठवलं. पावसात पाठवलं, उन्हात पाठवलं. एका म्हाताऱ्याला तर मी अकरा वेळा पाठवलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता, कारण बाराव्या वेळी तो अगदी बिनचूक कागद घेऊन आला. तर असा मी, माझी मोटार बिनकागदाची ठेवीन होय? इंजिन पुढे-मागे बसवता येतं. आधी कागद, मग इंजिन, हा माझ्या हिशेबी सरळ क्रम होता. मी जिल्ह्याच्या ठिकाणी, चांद्याला, मोटारींच्या दफ्तराला सविस्तर अर्ज केला, आणि दारावर रंगाऱ्याकडून पाटी लावली: 'न. गो. नाकाडे, रेकॉर्ड कीपर व मोटार मालक'.

अर्जाचं उत्तर आलं. मजकूर असा की, सदर मोटार पूर्वी मध्य प्रदेशात असून आता मुंबई राज्यात असल्याने, पहिल्या मालकापासून अर्जदारापर्यंतच्या सर्व हस्तांतरणांचे पुरावे तीस जूनपर्यंत दाखल करावेत. न केल्यास मोटार बेवारस समजून जप्त करण्यात येईल. मोटार जागची हलली नव्हती. राज्य हललं होतं. पण मला त्या पत्राचा राग आला नाही. पत्र उत्तम होतं. मी स्वतः याहून चांगलं लिहू शकलो नसतो.

आमचे शेजारी गुणवंतराव जंगल खात्यातून पेन्शनीत निघालेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"नाकाडेबाबू, तुमी अर्ज केलाच काऊन?"

"मोटार नावावर नको?"

"अजी, गोठ्यातली गाडी तुमच्या अंगणात आली. कोनाले मालूम होतं? आता चांद्याले मालूम झालं. आता थे जप्त करतीन." मग त्यांनी तीन सल्ले दिले. मोटारीला माती टाकून झाकावी, आत तुळस लावावी, किंवा ती डॉक्टरांना देऊन टाकावी. तिसरा सल्ला ऐकून मी घरात गेलो.

मे महिना चालू होता. माझ्या हातात दीड महिना होता, आणि पुरी गडचिरोली माझी पाटी वाचून बसली होती. बाजारात लोक मला 'मोटार मालक' म्हणून हाक मारत, आणि त्यातला कोण मानाने म्हणतो नि कोण दात काढून, हे मला ओळखता येत नसे. मोटार जप्त होऊन बैलांमागे चांद्याला निघाली, तर मी त्या कचेरीत कोणत्या तोंडाने कुणाला 'तुझ्या आधी मालक कोण' विचारणार होतो?

मुखरूचा अंगठा सहज मिळाला. "मले रामाजीनं देल्ली. मी त्याले खोंड देल्ला," तो म्हणाला, आणि माझी सायकल पुसत राहिला. सायकल त्याने फार छान ठेवली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

रामाजी नागभीडला. गिरणीत इंजिनाचा आवाज असा की आम्ही दोघंही ओरडत होतो. आपण मोटार नानाजीकडून दोन गॅसबत्त्या देऊन घेतली, हे त्याने लिहून दिलं. मग मी, विषय निघालाच आहे म्हणून, इंजिनाचं विचारलं.

"नाकाडेबाबू," रामाजी माझ्या कानाशी येऊन ओरडला, "तुमची गाडी उभी हाय. माही गिरणी चालू हाय. चालत्याचं काहाडून उभ्याले द्याचं, हे कोन्या कायद्यात बसते?"

मला कायदा आठवेना. वर त्याने मला मूठभर तांदूळ दाखवला. फ्रेंच इंजिन असल्यामुळे त्याच्या गिरणीत कणी पडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि खरंच एकही दाणा तुटलेला नव्हता. आपल्या मोटारीच्या इंजिनाचा तो तांदूळ पाहून मला उगीच बरं वाटलं. शेरभर घरी आणला.

नानाजी आरमोरीकडचा. दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांत, त्याने तीस वर्षं कृष्ण केला होता. साठी उलटली तरी तो बोलताना एक हात कमरेवर ठेवी. त्याने सांगितलं की ही मोटार म्हणजे त्याचा रथ. कोसमघाटचे जमीनदार जंगूबापू तरुणपणी विलायतेला गेले होते, ते येताना ही फ्रेंच मोटार बोटीने घेऊन आले. सन एकोणतीसची गोष्ट. कोसमघाटला सडक नव्हती. मोटार एक फर्लांग गेली आणि धानाच्या बांधीत रुतली. तीन वर्षांनी नानाजीची दंडार तिथे गेली, त्याला अर्जुनासाठी रथ हवा होता, तो जंगूबापूंनी दिला.

"मंग आमची दंडार कशी झाली म्हणता?" नानाजी म्हणाला. "सात नंबरावर आंब्याचे डगळे बांधले. अर्जुन मांगं उभा, मी म्होरं बसलो. उतार होता जी. रथ जो सुटला, थो सीधा बोडीत. अर्जुन पान्यात, मी पान्यात. शेवटचा अंक राहूनच गेला."

"पण जंगूबापूंनी मोटार तुम्हाला दिली, हे पक्कं ना?"

"देल्ली म्हंजे देल्लीच," नानाजी म्हणाला, पण कमरेवरचा हात त्याने खाली घेतला. ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

जंगूबापू वारले होते, जमीनदाऱ्याही गेल्या होत्या. त्यांच्या पत्नी, नीलाबाई, कोसमघाटलाच होत्या. कोसमघाट भामरागडच्या वाटेवर, आणि पाऊस लागला की तिकडची वाट चार महिने बंद. मी आलापल्लीपर्यंत बसने गेलो, पुढे लाकडाच्या ट्रकवर, आणि शेवटचे तीन कोस माझ्या नेहमीच्या वाहनाने, म्हणजे पायांनी.

नीलाबाई ओसरीवर टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, दगडाने फोडत बसल्या होत्या. केस पांढरे, आवाज खणखणीत. मी नमस्कार केला, पाणी प्यालो, कागद काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोटारीचा निळा रंग अजून आहे का, हे मात्र दोनदा विचारलं. मग पेटीतून एक पिवळा कागद काढून दिला. फ्रेंचमध्ये होता, त्यावर पाच शिक्के. पितळी पट्टीवरचं नावही त्यात सापडलं. फ्रान्सपासून कोसमघाटपर्यंतचा पुरावा हातात आला आणि मी मनातल्या मनात मोटारीत बसलो.

"आता फक्त इथं अंगठा, बाई. जंगूबापूंनी मोटार नानाजीला बक्षीस दिली, एवढंच."

"बक्षीस कोन म्हन्ते?" नीलाबाई म्हणाल्या. "उसनी देल्ली होती. 'दंडार सरली का आनून देजा,' असं बापू बोलले. मी इथीच उभी होती. मंग कोनी आनूनच नाई देल्ली."

नानाजी मालक नव्हताच. म्हणून रामाजी नव्हता, म्हणून मुखरू नव्हता, आणि म्हणून दारावर पाटी लावलेला मीही नव्हतो. पंचवीस वर्षं एक उसनी वस्तू या हातातून त्या हातात फिरली, आणि प्रत्येकाने छाती फुगवून ती दुसऱ्याला दिली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी गुणवंतरावांना सांगितलेली नाही. नीलाबाईंना वाचता येत नव्हतं. कागदावर 'बक्षीस' हा शब्द मी आधीच लिहून आणला होता. शाई होती, अंगठा समोर होता, आणि चांद्याच्या दफ्तरात कुणी कोसमघाटला चौकशीला येणार नव्हतं. मी तो कागद बराच वेळ धरून बसलो. मग अकरा वेळा परत पाठवलेला तो म्हातारा आठवला. मी कागद फाडला. बावीस वर्षांत मी फाडलेला तो एकच कागद.

"मंग आता कसं करता?" नीलाबाईंनी विचारलं.

"काही नाही. मोटार तुमची. मी आणून देतो."

त्यांनी टोळीचा दगड बाजूला ठेवला. "आमच्यात असं हाय, भाऊ. उसनी गेलेली जिन्नस देणाराच्या आंगनात आली पायजे. आंगनात आली का सुटली. मंग तिले कोनाले बी देता येते. तवर नाई." पुन्हा दगड उचलत त्या म्हणाल्या, "बापू मले बोलले होते, तुले फिरवतो म्हनून. मंग थे बांधीत फसली. मी नवी नवरी होती तवा. लुगडं नेसून उभी राह्यली."

मी परत आलो तेव्हा मे संपत आला होता. चौघांची बैठक माझ्या अंगणात भरली. तुम्ही कुणीच मालक नव्हता, हे सांगितल्यावर तिघांची तोंडं अशी पडली की मला माझं दुःख विसरावं लागलं. सगळ्यात जास्त मुखरू हादरला. "म्हंजे मी दुसऱ्याची गाडी देऊन तुमची सायकल घेतली जी?" शेवटी नानाजी म्हणाला, "दंडार सरली का आनून देजा, असंच बोलले होते. पन दंडार सरलीच कुठी? मी म्हटलं, सरली का देऊ. मंग दिवस गेले, आन मले माहीच वाटाले लागली."

तर असं ठरलं की मोटार मालकिणीच्या अंगणात पोचवायची, आणि चौघांनी मिळून पोचवायची. सुगंधाबाईने भाकरी-चटणी आणि शेरभर तो न तुटलेला तांदूळ बांधून दिला. "सायकल तं गेलीच," ती म्हणाली, "पन लोकाची चीज लोकाले देऊन या." गुणवंतरावांनी फाटकापाशी येऊन चौथा सल्ला दिला: जाऊ नका.

ताशी शंभर मैल पळण्यासाठी बनवलेली मोटार कोसमघाटला नऊ दिवसांत पोचली. मी सुकाणूवर, मुखरू बॉनेटवर बसून बैल हाकतोय, रामाजी आणि नानाजी आळीपाळीने शेजारी किंवा मागे चालत. आता मुखरूचे बैल साधे नव्हते. ते शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीत पळवायचे. सरळ सडक दिसली की त्यांना पट आठवायचा. आलापल्लीच्या अलीकडे लांबच लांब सरळ सडक लागली, मागून बस आली, तिने भोंगा वाजवला, आणि बैल सुटले. नानाजी माझ्या शेजारी होता. त्याने डोळे मिटून कृष्णाचं नाव घेतलं, तीस वर्षं तो स्वतःच कृष्ण होता हे विसरून. धावांच्या ठिणग्या उडत होत्या. पुढे दुसरी बस होती, तिला आम्ही मागे टाकलं. ती बस चालू होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ड्रायव्हर म्हणतो उभी होती. पण खिडक्यांतून माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि उभ्या बसला मागे टाकल्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नसतं. फ्रान्समध्ये त्या मोटारीने काय केलं मला माहीत नाही. आमच्या जिल्ह्यात ती एकदा जिंकली आहे, आणि सुकाणूवर मी होतो.

कोसमघाटला आम्ही शिरलो तेव्हा आभाळ भरून आलेलं. सारं गाव अंगणात जमलं. नानाजी खाली उतरला, धूळ झटकली आणि नीलाबाईंसमोर उभा राहिला. "बाई, शेवटचा अंक राह्यला होता," एवढंच तो म्हणाला, आणि एक हात कमरेवर ठेवून त्याने पंचवीस वर्षं राहून गेलेला अंक म्हटला. अर्जुनाचं काम रामाजीने केलं; त्याला एकही वाक्य येत नव्हतं, म्हणून तो नुसता हात जोडून उभा राहिला, आणि ते बरंच दिसलं. मग नानाजीने सुकाणूवर हात ठेवून सांगितलं, "दंडार सरली. ही तुमची गाडी."

नीलाबाई ओसरीवरून उतरल्या. त्या आतून एक नवं लुगडं नेसून आल्याचं माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी त्यांना हात देऊन शेजारी बसवलं, मुखरूने बैल सावकाश हाकले, आणि आम्ही अंगण, मग गाव, मग ती बांधी, असा पुरा फेरा मारला. त्या सरळ समोर बघत होत्या. बांधीपाशी म्हणाल्या, "इथी फसली होती." आणि आम्ही पुढे गेलो. मला त्या वेळी रडू आलं, ते मी धूळ डोळ्यांत गेली म्हणून पुसलं.

मग फेरफार झाला. बाईंनी पळसाच्या पानात चिमूटभर तंबाखू ठेवून नानाजीला दिली आणि म्हणाल्या, "आता देल्ली." नानाजी मालक झाला, त्याने मोटारीत बसून अंगणात एक फेरा मारला. त्याने तेच पान रामाजीला दिलं. रामाजीने फेरा मारला, आणि गावापुढे कबूल केलं की इंजिन वेगळं काढलेलं आहे पण तांदूळ उत्तम निघतो. मग पान मुखरूकडे गेलं. मुखरू बसला, एक फेरा मारला, दुसरा मारला, तिसरा मारला. पहिल्यांदाच ती खरोखर त्याची झाली होती, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. चौथ्या फेऱ्याला मी घसा खाकरला.

"मुखरू, पान."

"देतो ना जी," तो म्हणाला. "सायकल घेतली हाय, त्याची बी आठोन करून राह्यलो होतो." आणि पान माझ्या हातात ठेवलं.

मी चारही कागद तिथेच लिहिले, अंगठे घेतले, गावातल्या दोघांच्या साक्षी घेतल्या. एका दुपारी चार हस्तांतरणं, आणि एकाही अक्षरात खोट नाही. बावीस वर्षांत असं रेकॉर्ड माझ्या हातून झालं नव्हतं. मी मालक झालो, आणि त्याच वेळी पहिला थेंब कागदावर पडला.

पोरं नाल्याकडून ओरडत आली, पाणी चढतंय. बैलांना पोहवून नेता आलं असतं, मोटारीला नाही. निघायचं तर आत्ता, आणि मोटार सोडून. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझं मालकीहक्काचं आयुष्य सुरू होऊन नुकताच पाव तास झाला होता. नीलाबाई मोटारीच्या निळ्या नाकावरचं पाणी पदराने पुसत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "ही तुम्हाला उसनी देतो."

त्या वळल्या.

"दंडार सरली का आनून देजा," मी म्हटलं. ही भाषा माझ्या तोंडून कशी आली, कोण जाणे.

"कोनती दंडार, भाऊ?"

"हीच जी. आपली."

त्या हसल्या. आम्ही बैलांच्या शेपट्या धरून नाला ओलांडला.

तीस जूनला मी चांद्याला पोचलो. बाबूने चार कागद आणि फ्रेंच कागद नीट पाहिले. फ्रेंच कागद त्याला वाचता आला नाही, पण आमच्या कागदांपेक्षा त्यावर शिक्के जास्त होते, म्हणून त्याने तो सगळ्यांत वर लावला. मग इंजिन नंबर विचारला. मी खरं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. "अहो, इंजिन नाही, बैल ओढतात, ती मोटार कशी? तिला नोंदणीच लागत नाही. तुम्ही अर्ज केलाच कशाला?" हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. मी कागद परत मागून घेतले.

ते आज माझ्या बैठकीत काचेत लावलेले आहेत. गुणवंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, "याची मोटार इथी नाई, इंजिन बी इथी नाई, सायकल बी नाई. कागद पाहा फक्त." मी त्यांना बसायला खुर्ची देतो. पाटी दारावर आहे तशी आहे. सुगंधाबाई दर मंगळवारी ती ओल्या फडक्याने पुसते. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षं झाली. दर दिवाळीनंतर, वाट उघडली की, कोसमघाटकडून येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर मला निरोप येतो. नीलाबाई मोटारीत बसून बाजाराला जातात, असं कळतं. या वर्षीचा निरोप लाकडाच्या ट्रकवाल्याने कचेरीत सगळ्यांसमोर दिला. मी तेव्हा एका माणसाला विचारत होतो, तुमच्या आधी मालक कोण.

"कोसमघाटच्या बाईनं सांगतलं हाय," तो म्हणाला, "का नाकाडेबाबूची गाडी बरी हाय. दंडार सुरू हाय."